गजकर्णाचं खापर भाजीवर

‘भाज्यांवरच्या फवारणीमुळे घरोघरी गजकर्ण आणि खाज. भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, सगळं विष निघून जातं.’ हा निरोप सध्या प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतोय.

गजकर्ण ही बुरशी आहे. ती अंगाला अंग लागून, एकमेकांचे टॉवेल-कपडे वापरून पसरते. मेथीच्या जुडीतून येत नाही. ती हल्ली हटत का नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या मलमात बरेचदा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. चार दिवसांत खाज थांबते, आपण खूश, आणि बुरशी निवांत पसरते. शिवाय ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची जात अलीकडे भारतभर आढळते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. डॉक्टरांकडे जाताना आधी लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या.

‘पण भाजी निवडताना हात खाजतात त्याचं काय?’ खाजतातच. अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, भेंडीवर लव असते, रोज लसूण सोलणाऱ्यांच्या बोटांची टोकं फुटतात. हाताला तेल चोळून सुरण चिरायची रीत फवारणीच्या पंपापेक्षा कितीतरी जुनी आहे.

सोड्याचं म्हणणं अर्धं खरं. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर हा प्रयोग केला. सालीवरची फवारणीची दोन औषधं 12 ते 15 मिनिटांत निघाली. पण त्यातल्या थायाबेंडाझोलचा सुमारे 20 टक्के भाग आत मुरला होता, तो धुऊन गेला नाही. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध तर झाडाच्या रसातूनच फिरतं. भाजी धुवाच, माती आणि वरवरचा अंश जातो. ‘सगळं विष’ नाही.

उरलेल्या अंशाची काळजी खोटी नाही. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे ती उगाच नव्हे. पण ती काळजी वर्षानुवर्षं पोटात काय जातं याची आहे, मांडीवरच्या चट्ट्याची नव्हे.

कातडीतून विष भिनतं ते फवारणाऱ्याच्या. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडोंना विषबाधा झाली, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरचा पंप गळतो, शर्ट भिजतो, आणि तोच ओला शर्ट अंगावर ठेवून माणूस संध्याकाळपर्यंत फवारत राहतो. त्या निरोपात त्याच्याबद्दल एक ओळही नाही.