१९२९ च्या फोर्डची थरथर आणि तो डँपर: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या दोन स्टारच्या अभिप्रायामागे तीन तक्रारी आहेत. १५ दिवस सांगून गाडी दीड महिना ठेवली. २४ हजारांचं बिल झालं, तरी ६० च्या पुढे स्टिअरिंग हातात नाचतं. आणि आम्ही नाही म्हटलेला स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हिसके दाबणारा दट्ट्या) दुसऱ्या मेकॅनिकने ४ हजारांत बसवला, थरथर थांबली.

पहिली पूर्ण मान्य. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनच्या बुशांना (आतल्या अस्तराच्या नळ्यांना) मापात कातणारा रिमर बाहेरून मारून घेतो, तिथे काम अडकलं. पण एक फोन करायला काय जात होतं? केला नाही. माफ करा.

थरथरीचं मात्र नीट सांगतो. तुमच्या फोर्ड ‘मॉडेल ए’ गाडीला पुढे एकच अखंड आडवा अ‍ॅक्सल आहे. एक चाक खड्ड्यातून उसळलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरका होतो. फिरतं चाक म्हणजे भोवराच. तिरकं केलं की ते बाजूला वळू पाहतं आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडमधून दुसऱ्यालाही ओढतं. सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर मग दोघांची झिम्मा-फुगडी सुरू. १९२० च्या दशकात कमी हवेचे जाड बलून टायर आले तेव्हा हा रोग फार बळावला. पुढे इतरांनी दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वर-खाली होतील अशी केली. फोर्डने मात्र १९४८ च्या मॉडेलपर्यंत आडवा अ‍ॅक्सल सोडला नाही!

म्हणून आम्ही किंगपिन, बुश आणि टाय रॉडचे सांधे नवे केले, टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) एक सोळांश इंचावर आणलं. स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मचा बॉल झिजून अंड्यासारखा झालाय, हे तुम्हाला हातात देऊन दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी बघू. डँपरला मी नाही म्हटलं ते याच बॉलमुळे. डँपर बसला की हाताला काही कळत नाही, बॉल मात्र झिजतच राहतो. खंडाळ्याच्या उतारावर त्या बॉलवरून ड्रॅग लिंक (चाकांना वळवणारा दांडा) निसटली तर स्टिअरिंग नुसतं गरगर फिरेल.

आता आमची खरी चूक, जी तुम्ही लिहिलेलीच नाही. अभिप्राय वाचून जॉब कार्ड काढलं. या गाडीला कारखान्यातूनच चार हायड्रॉलिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर येत. तुमचे पुढचे दोन जागेवर आहेत, पण लिंक सोडून त्यांचा दांडा हलवून पाहिल्याची नोंद नाही. म्हणजे पाहिलंच नाही. आत तेल नसेल तर अ‍ॅक्सल उड्या मारणारच. तेव्हा थरथर दाबायला काहीतरी हवं होतं हे तुमचं म्हणणं बरोबर. फक्त ते स्प्रिंगपाशी हवं होतं, स्टिअरिंगला नव्हे. शिवाय ट्रायल आम्ही गुळगुळीत रस्त्यावर घेतली, तिथे काय दिसणार?

गाडी घेऊन या. तुमच्यासमोर डँपर काढू, दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडू, मजुरी घेणार नाही. बॉलचे पैसे मात्र लागतील. ट्रायल तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर घेऊ, स्टिअरिंग तुमच्या हातात.

निघताना चारही टायरमध्ये ३५ पौंड हवा भरा. मागच्या वेळी पुढच्या एकात २२ च निघाली होती. पंपावरचा पोरगा २८ पुरे म्हणेल, त्याचं ऐकू नका.