शेंडी तुटो की पारंबी तुटो

देश झटपट आधुनिक करायचा असेल तर मेइजी सम्राटाच्या काळातल्या (1868 ते 1912) जपानचा कित्ता गिरवा. सुरुवात डोक्यापासून. आतून नको, त्याला पिढ्या लागतात, वरून करा. 1871 साली तिथल्या सरकारने फर्मान काढलं: माथ्यावरची केसांची गाठ कापायला हरकत नाही, सामुराईने, म्हणजे तिथल्या पिढीजात योद्ध्याने, कमरेला तलवार लावली नाही तरी चालेल. लगेच गाणंही निघालं, की केस कापलेलं डोकं टकटक वाजवलं तर सुधारणेचा आवाज येतो. (पोकळ वस्तू वाजतेच, हे मनातच ठेवा.)

लोकांचं ताट बदलायचं तर राजाला आधी जेवायला बसवा. 675 सालापासून गाईबैलांचं मांस निषिद्ध होतं; 1872 मध्ये सम्राटांनी गोमांस खाल्लं आणि बाराशे वर्षांचा विटाळ एका पंगतीत फिटला.

कॅलेंडरची युक्ती मात्र अर्थखात्याने वहीत टिपून घ्यावी. जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच, अधिक महिन्याचं. 1873 साली तो येणार होता, म्हणजे महिन्यावारी पगार घेणाऱ्यांना तेरा पगार द्यायचे. तिजोरीत तर खडखडाट. तेव्हा बाराव्या महिन्याची तिसरी तारीख उगवली ती 1 जानेवारी 1873 म्हणूनच! अधिक महिना गायब, आणि बारावा महिना दोनच दिवसांचा झाला म्हणून त्याचाही पगार नाही. पूर्वसूचना? महिनाभराचीही नाही. छापून तयार असलेली पंचांगं रद्दीत गेली. सुधारणेत कागद वाया जायचाच.

पाहुण्यांवर छाप पाडायला 1883 सारखं एक रोकुमेइकान, म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीचा मेजवानी-महाल, बांधा. आराखडा ब्रिटिश वास्तुविशारदाचा, नाच युरोपचे, आणि घट्ट कॉर्सेटमध्ये श्वास कोंडून नाचायला मंत्र्यांच्या बायका. पाश्चात्त्य देशांनी जपानवर लादलेले असमान करार काही नाचून सुटले नाहीत. पण जिना झकास होता म्हणे.

सामुराईंची तलवार आणि तनखा एकाच वर्षी काढून घ्या, 1876 सारखं. म्हणजे रडारड एकदाच. पुढच्या वर्षी सात्सुमा या दक्षिणेकडच्या प्रांतात बंड होईल, आणि त्याचा म्होरक्या तुमच्याच सरकारातला जुना सहकारी सायगो ताकामोरी असेल. घाबरू नका. सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची पोरं आहेतच, त्यांना पाठवा. तो मेला की बारा वर्षांनी माफी द्या. मग 1898 मध्ये टोकियोच्या उएनो बागेत त्याचा पुतळा बसवा. साध्या किमोनोतला, कुत्र्याला फिरवायला निघालेला. सूटबूट तुम्ही घाला, अनावरणाला जायचंय.