काकांनी पाईप बदलले

परवा रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. फोटोत काका आहेत. हातात बॅटरी, चेहऱ्यावर कृतार्थ भाव. मागे माझी गाडी. तसा फोटोत मीही आहे, पण गुडघ्यापासून खालीच. वरचा मी गाडीखाली होतो. खाली काकांनी लिहिलंय, 'आज शेजाऱ्यांच्या गाडीचे रेडिएटरचे पाईप बदलले. पंच्याहत्तरीतही हात चालतात. स्वामींची कृपा.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, 'काका, आमच्या ह्यांनाही शिकवा जरा.' ते पाय कोणाचे, हे एकानंही विचारलं नाही.

गाडी २००४ सालची मारुती ८००. वरचा पाईप क्लिपजवळ दाबला की शिळ्या भाकरीसारखा कुरकुरायला लागला होता. हे रबर आतून चिरत जातं, बाहेरून मात्र तुकतुकीत दिसतं, आणि जातं ते नेमकं घाटात. सर्व्हिस सेंटरवाल्यानं पाईप बघितलेच नाहीत, कॉम्प्युटर बघितला. पाईप, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर, 'सगळंच करून घ्या ना सर, सेफ्टीसाठी.' त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी नाना पेठेतलं स्पेअर पार्ट्सचं दुकान गाठलं. तिथला दुकानदार मान वर न करता म्हणाला, "ओरिजिनल देऊ का चालणारं?" मी ओरिजिनल घेतले आणि रविवारी सकाळी थंड गाडीपाशी घमेलं, पक्कड आणि जुना टॉवेल घेऊन बसलो.

आता हे काम एकट्याचं आहे. खालचा ड्रेन प्लग सोडायचा, इंजिन थंड ठेवणारं कूलंट घमेल्यात घ्यायचं, क्लिपा सोडायच्या, पाईप काढायचा, नवा घालायचा. यात दुसऱ्या माणसाची गरज नसते. तिसऱ्याची तर नसतेच. पण आपल्याकडे उघडं बॉनेट म्हणजे जाहीर निमंत्रण. काका पेपर आणायला खाली उतरले होते. त्यांनी वॉचमनला खुर्ची आणायला सांगितली, तेव्हाच माझा रविवार गेला.

"काय रे, काय उपद्व्याप?"

"पाईप बदलतोय, काका."

"फुटला?"

"नाही अजून."

"मग बदलतोस कशाला?"

याला काय उत्तर देणार? मी पक्कड लावली. वीस वर्षं एका जागी बसलेला पाईप ओढून निघत नाही. ओढला तर रेडिएटरची नळीच हातात यायची. पिळून बघायचा, नाही हलला तर ब्लेडनं उभा चिरायचा. मी ब्लेड काढलं तसे काका खुर्चीतून अर्धे उठले. "थांब! चिरू नकोस. हळद टाक."

"कुठं?"

"रेडिएटरमध्ये. मूठभर. गळती बंद."

खोटं नाही ते. लांब पल्ल्याचे जुने ड्रायव्हर हळद टाकायचे. ती पाण्याबरोबर फिरते आणि बारीक भोकात जाऊन बसते. नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, तो भाग कोणी सांगत नाही. मी म्हटलं, "काका, गळती नाहीये. पाईप जुना झालाय."

"अरे, बोरघाटात मी पद्मिनी गाडी हळदीवर वर चढवलीय!"

यापुढचं मी गाडीखालून ऐकलं, कारण खालच्या पाईपची क्लिप तिथूनच दिसते. बॅटरी धरायचं काम काकांनी स्वतःहून घेतलं होतं. पण काकांच्या हातातली बॅटरी गोष्टीबरोबर फिरते. खोपोली आली तेव्हा उजेड माझ्या डोळ्यांवर होता. घाट सुरू झाला तसा तो छतावर गेला. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीचा काळ, भाचीचं लग्न मुंबईला उरकून सगळे पुण्याला निघालेले... "नाही नाही, चुकलो, लग्न पुण्यातच होतं, आम्ही मुंबईहून येत होतो, हळद आमच्याकडे होती ना!" वळणावर इंजिनातून वाफ. उजेड गोल गोल. मी अंधारात क्लिप चाचपतोय.

"मग?"

"मग काय! नवरीची हळद आधी गाडीला लागली. तुझी काकू रडायला लागली, अपशकुन म्हणून. पण गाडी पुढं बारा वर्षं चालली!"

"आणि भाची?"

उजेड एकदम स्थिर झाला. "तो विषय वेगळा आहे," काका म्हणाले. त्या तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला क्लिप दिसली आणि मी ती सोडवली.

नव्या पाईपांना मी ज्युबिली क्लिपा लावल्या. स्क्रू फिरवला की पट्टी आवळते, एवढीच करामत. लम्ली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या माणसानं १९२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि शंभर वर्षांनीही तिच्यात सुधारायला फारसं काही सापडलेलं नाही. रॉबिन्सनसाहेब काम करत असताना शेजारी खुर्ची टाकून कोणी बसलं नसावं.

कूलंटमध्ये घालायला मी डिस्टिल्ड वॉटर आणलं होतं. ते बघून काका खरोखर दुखावले. "खडकवासल्याचं पाणी अख्खं पुणं पितं. तुझ्या गाडीला चालत नाही?" पाण्यातल्या क्षारांचा थर आतून बसतो, हे मी सांगितलं. "आमच्या नाही बसला," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटावर हात फिरवला. मग झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून मी इंजिन चालू ठेवलं, आतली हवा निघायला. बुडबुडे आले. वरचा पाईप हाताला गरम लागला, म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारी झडप, उघडला. एक थेंब गळला नाही. त्या आनंदात काका मोबाईल काढून फोटो घेतायत, इकडे माझं लक्षच नव्हतं. जॅकखालच्या विटा काढायला मी परत खाली गेलो होतो.

विनोद म्हणून हे सगळं ठीक आहे. पण मला खरा राग येतो तो 'टाकून दे ना ही गाडी' याचा. सर्व्हिस सेंटर तेच म्हणतं, काका शेवटी तेच म्हणाले. एप्रिल २०२२ मध्ये जुन्या गाडीच्या फेरनोंदणीची फी ६०० ची ५००० झाली, त्याचाही अर्थ तोच. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन नीट चालतंय, दोन रबरी नळ्या बदलल्या की काम भागतंय, तर टाकायचं का? आणि टाकायचं कुठं?

कारण साधं जुनं कूलंटही टाकता येत नाही. तीनेक लिटर हिरवं पाणी माझ्याकडे कॅनमध्ये आहे. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घंटागाडीवाल्या ताई म्हणाल्या, हे आमच्यात नाही येत. गॅरेजवाला म्हणाला, "गटारात ओता की, आम्ही काय करतो?" काका म्हणाले, कुंड्यांना घाल, हिरवं आहे म्हणजे खत असणार.

कॅन गॅलरीत ठेवलाय. त्यावर मी जाड मार्करनं 'विष' असं लिहिलं. आज सकाळी त्याखाली बायकोच्या अक्षरात आणखी एक ओळ आली आहे : 'कधी नेणार?'