आरपीएम चढत नाही म्हणून लगेच पंखा बदलू नका

पावसाळी बंदी संपून होड्या पाण्यात गेल्या की व्हॉट्सॲपवर आउटबोर्डबद्दलचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाबद्दलचा, तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: 'आउटबोर्डचा आरपीएम चढत नाही? एक इंच कमी पिचचा पंखा बसवा, ऑइल थोडं जास्त घाला, कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा सोडा. पाण्याच्या ड्रमात इंजिन नीट चढत असेल तर त्यात काहीच दोष नाही.' चार सल्ले, त्यातला एक अर्धा खरा.

तो पंख्याचा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्याने जितकं पुढे जायला हवं ते अंतर; ती एक इंचाने उतरवली की फुल रेसला साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. मासेमारीची होडी पर्यटकांसाठी वापरायला घेतली, वजन कायमचं वाढलं, तर पंखा बदलणं योग्यच. पण गेल्या हंगामात त्याच पंख्यावर, तेवढ्याच माणसांनिशी 5200 दाखवणारं इंजिन यंदा 4400 वर अडकलं, तर पंख्याने काय पाप केलं? (त्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, गुंडाळलेलं नाही ना, पातं वाकलेलं नाही ना, होडीच्या बुडाला शेवाळ-शिंपले नाहीत ना, एवढं मात्र बघून घ्या.) 800 ची तूट एका इंचाने भरत नाही, चार-पाच इंच उतरावं लागेल. 13 चा पंखा 4400 वर आणि 9 चा 5200 वर, असा हिशोब मांडला तर घसरण (पंखा पाण्यात निसटून वाया जाणारी चाल) दोन्हीकडे सारखी धरूनही होडी जवळजवळ 18 टक्के हळू चालते. मीटरचा काटा खूश, होडी चालवणारा तांडेल नाही. उद्या खरा दोष सापडून दुरुस्त झाला, की त्या हलक्या पंख्यावर इंजिन मर्यादेबाहेर पळणार ते वेगळंच.

खरा दोष बहुतेक वेळा पेट्रोलच्या वाटेत असतो, आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही. फुल रेसला होडी चालू असताना दुसऱ्या माणसाला नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. दाबताच आरपीएम चढला, तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही: पंपाचा पडदा गेलाय, फिल्टर तुंबलाय किंवा जोडातून हवा शिरतेय. फुगा आपणहून चपटा होत असेल तर अडथळा टाकीकडे. तिथे आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की इंजिन काही मिनिटं झकास चालतं आणि मग बसत जातं. दोन महिने टाकीत पडलेलं पेट्रोल तर वापरूच नका. इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढून घ्यायची खोड असते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर दमट हवेला काय तोटा! मिक्स पेट्रोलच्या टू-स्ट्रोकमध्ये हे अंगावर काढणं महागात पडतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, आणि पिस्टन जाम.

मग ऑइल जास्त घातलेलं बरं, असं वाटेल. नाही. कंपनीने 50 लिटरला 1 लिटर सांगितलं असेल तर तेवढंच. ऑइल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल तेवढं कमी जातं, वर प्लग काळे पडतात. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचा तर प्रश्नच येत नाही, पण मेसेज कुठल्या इंजिनासाठी आहे हे लिहायचे कष्टसुद्धा कोणी घेतलेले नाहीत.

कार्ब्युरेटरचा तो स्क्रू मंद गतीचा असतो. फुल रेसचं पेट्रोल मेन जेटमधून येतं, त्यामुळे स्क्रू फिरवून आयडलिंग तेवढं बिघडेल. त्यापेक्षा इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण द्या आणि कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडते का ते बघा. केबल सैल झाली असेल तर रोग तिथेच.

राहिला ड्रम. ड्रमात पंख्याला होडी ढकलायची नसते, न्यूट्रलला तर भारच नाही. दोनपैकी एक सिलिंडर अर्धमेला असला तरी इंजिन रेस घेतं. समुद्रात भारावर चालवून आल्यावर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक कोरडा, तपकिरी आणि दुसरा ओला काळा निघाला, तर ओल्याचा सिलिंडर मारत नाही. आधी प्लग, मग कॉइल, मग कॉम्प्रेशन तपासा. आणि बझर वाजून आरपीएम 2000 च्या आसपासच अडकत असेल, तर बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिनच स्वतःला आवरत असतं. तेव्हा मागची, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बघा. ती बारीक किंवा बंद असेल तर इंजिन लगेच थांबवा आणि वॉटर पंपाचा इम्पेलर तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.