धुराची गाडी आणि घरातले पिंप

आमच्या गल्लीत एकाच घरातील दोघांना डेंग्यू झाल्याचे कळले आणि फवारणीची गाडी अजून का आली नाही, असा एकच ओरडा सुरू झाला. गाडी आली, धुराचे लोट उठले आणि आम्ही सर्वांनी तत्परतेने दारे-खिडक्या लावून घेतल्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास बहुधा घरातच, टांगलेल्या कपड्यांमागे किंवा पलंगाखालच्या अंधारात बसतो. तेव्हा खिडक्या लावून आम्ही धुरापासून नेमके कोणाला वाचवले, हे सांगायला नको. शिवाय धुराने मरतात ते उडते डास. पाण्यातल्या अळ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघराजवळचे आमचेच पिंप विजेरी लावून पाहिले. झाकण होते, पण नळी आत सोडण्यासाठी ते कायम बोटभर उघडे राहत असे. उजेड पडताच असंख्य अळ्या वळवळत तळाशी गेल्या. पाणी मात्र नितळ होते, कारण एडिसला साठवलेले स्वच्छ पाणीच मानवते. (गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढतो तो क्युलेक्स, त्याच्यासाठी वेंट पाइपला जाळी बांधावी.)

मराठवाड्यात, जिथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे पाणी साठवू नका असे सांगण्यात अर्थ नाही. आपले चुकते ते वेगळेच. तळाशी उरलेले पाणी वाया कशाला घालवायचे, म्हणून आपण त्यावरच नवे पाणी भरतो आणि पिंप महिनोन्महिने पूर्ण रिकामे होतच नाही. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो. पण नुसते पिंप उपडे करूनही भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवून; काजळीच्या कणांसारखी दिसणारी ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. त्यामुळे आतली भिंत काथ्याने खरवडून घासणे हेच खरे काम आहे. तळाचे पाणी कापडातून गाळून फरशीला वापरावे आणि कापडावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत झटकाव्यात. तिथे त्या जगत नाहीत. झाकण नीट बसत नसेल तर जुने सुती कापड दोरीने घट्ट बांधावे. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत.

एडिस चावतो तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणून केवळ रात्री कॉइल लावून उपयोग नाही. तापाच्या पहिल्या दिवसांत रुग्णाला चावलेला डास पुढे इतरांना आजार देऊ शकतो, त्यामुळे रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवावे.

काल आशाताई तपासणीला आल्या, तेव्हा घासून लख्ख केलेले पिंप मी त्यांना मोठ्या अभिमानाने दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि शांतपणे म्हणाल्या, "आता जरा तो फ्रिज पुढे ओढा." फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये दोन बोटे पाणी होते आणि त्यात अळ्या होत्या.