गार्ड कुणी काढला?

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा. त्याच्या परिशिष्टात एक तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी कमी झाली असं धरायचं. अख्खी तर्जनी गेली तर १४, मधलं बोट गेलं तर १२, करंगळी गेली तर ७. एकाच हाताची दोन बोटं गेली तर २०. हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तो २००९ साली, एका दवाखान्याच्या बाकावर बसून. आत आमच्या प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या वर्कशॉपमधल्या, पोराच्या हाताला टाके घालत होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. वय २४, गाव लातूरकडचं, लग्न ठरलेलं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या पुण्याजवळच्या भोसरीच्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही दिवसांपासून चाललेली चर्चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही थेट आपल्या शॉप फ्लोअरची. १९४८ चा कारखाने कायदा, कंत्राटी कामगारांचा १९७० चा, बांधकाम मजुरांचा १९९६ चा, असे १३ केंद्रीय कायदे तिच्यात आले. ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते एका मेसेजला: "वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर गेली. आपण सुटलो."

माझ्याकडे १४ माणसं आहेत, त्यामुळे हा मेसेज माझ्याबद्दलच होता. म्हणून संहिता उघडून बसलो. 'कारखाना' या शब्दाची व्याख्या २० वर गेली हे खरं. पण जिथे १० किंवा जास्त कामगार आहेत ती जागा 'आस्थापना' आहेच, आणि कलम ६ मधली मालकाची कर्तव्यं आस्थापनेला लागू आहेत. कामाची जागा इजा आणि व्यवसायजन्य आजार होतील अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणं, हे त्यातलं पहिलं. सुरक्षेसाठी जे काही द्याल त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, हेही त्यातच. हातमोज्यांचे पैसे पगारातून कापणारे शॉप मी पाहिलेत, त्यांनी हे नीट वाचावं. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. सरकारने जाहीर केल्याप्रमाणे चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही करायची. त्यामुळे १४ माणसांचा मालक सुटला, असं मला तरी कुठे सापडलं नाही.

नियम मोडल्यामुळे कामगाराचा जीव गेला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. शरीराचा कुठलाही भाग कायमचा जाणं ही गंभीर दुखापतच. या दंडातली किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना द्या, असं न्यायालय सांगू शकतं. ही तरतूद मला मनापासून आवडली. आजवर दंड सरकारजमा व्हायचा आणि पोरगा गावी जायचा.

आता तयारीचं. तयारी म्हटली की आपल्याकडे कन्सल्टंट येतो आणि फाईल तयार होते. रजिस्टरं, फ्लेक्स, अग्निशामक सिलिंडरवर नवी तारीख, ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ. या सगळ्याला माझा विरोध नाही, कागद लागतात. पण २००९ साली आमच्याकडेही फाईल होती. गार्डसुद्धा होता, म्हणजे प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून लावायची आड. अपघात झाला तेव्हा तो प्रेसमागे भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो पोरगा मला पहिलं वाक्य काय बोलला असेल? "दादा, गार्ड मीच काढला होता. अण्णांना सांगा, तुमची चूक नाही."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते ऐकून आम्हा दोघांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते. त्याचं ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, नाव होतं, मेडिकल बोर्ड झालं, महिन्याला थोडी पेन्शन सुरू झाली. आम्ही त्याला स्टोअरमध्ये काम देऊ केलं, पण तो थांबला नाही. आणि पुढची कित्येक वर्षं कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, ऑपरेटरने गार्ड काढला होता. अहवालातही तेच लिहिलं.

मग एकदा एका नव्या पार्टचं कोटेशन बनवत असताना जुनं कॉस्टिंगचं पान हाताला लागलं. त्याच प्रेसचं, त्याच पार्टचं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: पाळीला ५,००० नग. आठ तासांतून जेवण आणि चहा वजा केला तर ४२० मिनिटं उरतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १२ नग. मी स्वतः प्रेसवर बसलो. गार्ड लावून, चिमट्याने ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, ठेवून, चिमट्यानेच काढून काम केलं. मिनिटाला आठ झाले, फार तर नऊ. पाळीला ३,६०० च्या आसपास. ५,००० नग काढायचे तर गार्ड बाजूला ठेवून हाताने ब्लँक टाकणं आणि पाय पेडलवर ठेवणं याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता.

गार्ड त्याने काढला नव्हता. मी काढला होता, टेबलावर बसून, कॅल्क्युलेटर हातात घेऊन. इन्सेंटिव्ह ४,८०० च्या पुढे सुरू व्हायचा, तोही आकडा माझाच.

म्हणून माझं म्हणणं आहे की नव्या कायद्याची तयारी कॉस्टिंगच्या पानापासून सुरू करा. प्रत्येक प्रेसवर मालकाने किंवा सुपरवायझरने गार्ड लावून स्वतः एक तास बसावं आणि मिळतील ते नग मोजावेत. तेच टार्गेट. त्यावर दर काढा. दर बसत नसेल तर पार्ट ऑटो फीडवर न्या किंवा सोडा. "साहेब, गिऱ्हाईक दर देत नाही" हे मला कुणी सांगू नये, मी वीस वर्षं तेच सांगत आलोय. मी दोन पार्ट सोडले. एका गिऱ्हाइकाच्या परचेसच्या माणसाला शॉपवर बोलावून प्रेसवर बसवलं, गार्ड लावून आणि गार्ड न लावता. त्याने दर वाढवून दिला. पूर्ण नाही, पण दिला. दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. हे दोन्ही होणार, त्याची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट मशीनची. सध्या जो तो लाइट कर्टन, म्हणजे किरणांचा पडदा तुटला की मशीन थांबवणारा सेन्सर, विकायला येतोय. आपली निम्मी सी-टाइप प्रेस जुन्या की-क्लचची आहे. त्यात एकदा की बसली की फ्लायव्हील पूर्ण फेरा मारणारच, रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, मध्येच थांबत नाही. अशा प्रेसला लाइट कर्टन लावला तर किरण तुटल्याचं त्याला कळेल, पण हात वाचणार नाही. ज्या प्रेसला न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरचा, क्लच-ब्रेक आहे, जी अर्ध्या स्ट्रोकवर थांबू शकते, तिलाच सेन्सरचा उपयोग. की-क्लचला पक्का बंदिस्त गार्ड हवा, हात आत जाणारच नाही असा. ब्लँक फीडरने सरकला पाहिजे. आणि की झिजली, स्प्रिंग तुटला की हीच प्रेस पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक मारते. प्रत्येक जुन्या ऑपरेटरने एकदा तरी ते पाहिलेलं असतं. त्याने "रिपीट मारतेय" म्हटलं की त्याच क्षणी मेन स्विच बंद झाला पाहिजे. पाळी संपेपर्यंत थांबायचं नाही.

हे तो बोलेल का, हा खरा प्रश्न. संहितेच्या कलम १४ ने कामगाराला हक्क दिलाय: गंभीर इजेचा धोका दिसला तर मालकाला सांगायचा आणि निरीक्षकालाही कळवायचा. पण बिहारहून, ओडिशातून, बीड-नांदेडहून आलेला पोरगा, खोलीचं भाडं डोक्यावर, ठेकेदाराच्या नावावर काम करणारा, तो कलम १४ वाचून बोलणार नाही. मागच्या वेळी कुणी मशीन बंद केली तेव्हा शेठ काय म्हणाला, हे बघून तो ठरवणार. आमच्याकडे आता नियम असा की धोका वाटून मशीन थांबवली तर तो वेळ टार्गेटमधून वजा होतो आणि इन्सेंटिव्ह कापला जात नाही. सुरुवातीचे दोन महिने कुणीच थांबवली नाही. मग एका हेल्परने थांबवली, ऑपरेटरनेसुद्धा नाही. क्लचचा स्प्रिंग तडकलेला निघाला. तो तुकडा मी टेबलावर ठेवलाय.

आरोग्य तपासणीबद्दलही थोडं. रक्त-लघवी आणि बीपी करून कागद फाईलला लावू नका. प्रेस शॉपमध्ये पहिले कान जातात. डॉक्टरांना कानाची तपासणी करायलाच सांगा. प्रेसमध्ये साचे बसवणाऱ्या आमच्या सर्वांत जुन्या डाय-सेटरला समोरून बोललेलं कळतं, मागून हाक मारली तर कळत नाही. सगळे समजायचे की तो तुसडा आहे, मीसुद्धा.

ईएसआयचं तर सांगायलाच नको, तरी सांगतो. अपघात झाल्यावर त्याच दिवशी घाईघाईने नाव भरणारे आपल्यात आहेत. पहिल्या दिवशी नाव भरा. मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आहे.

गेल्या महिन्यात मी शेवटच्या दोन की-क्लच प्रेस काढल्या. त्यातली एक तीच, २००९ ची. भंगारवाला म्हणाला, चालू कंडिशनमध्ये आहे, तळवड्यात गिऱ्हाईक आहे, भंगारापेक्षा बराच जास्त भाव मिळेल. मी नाही म्हटलं. गॅस कटरवाल्याला बोलावून फ्लायव्हील आणि क्रँक माझ्यासमोर कापून घेतला, मग वजनावर दिली.

कॉस्टिंगचं नवं पान, गार्डसकट नग मोजायची पद्धत आणि नेमणूकपत्राचा साधा मराठी-हिंदी नमुना माझ्याकडे आहे. भोसरी, चाकण, तळवडे, कुठलेही असा, मेसेज करा, पाठवतो. शॉप बघायचं असेल तर गुरुवार सोडून कधीही या. येताना तुमचा एक ऑपरेटर बरोबर आणा, मला त्याच्याशीही बोलायचंय.