९७ अंशांच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: क्लासच्या लेक्चरचे व्हिडिओ एडिट करायला आमच्याकडून पीसी बांधून घेतला, दहा कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) मागितले तर सहा कोरचा प्रोसेसर दिला, त्यावर बॉक्समधलाच छोटा पंखा लावला. आता दुपारी सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन स्कोअर काढणारी टेस्ट) चालवलं की तापमान ९७ अंशांवर जातं, पंख्याचा आवाज सहन होत नाही, आणि पुण्यातल्या मित्राचा लिक्विड कूलरवाला पीसी ६५ च्या वर जात नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "स्वस्तातला माल माथी मारला."

हे वाचून वाईट वाटलं. तुमच्या पीसीचा एकेक पार्ट मी स्वतः निवडला होता, आणि उद्या त्याच बजेटमध्ये त्याच कामासाठी कुणी आलं तर तेच पार्ट काढून देईन. का, ते सविस्तर लिहितो. उन्हाळा लागला की हीच काळजी घेऊन आमच्याकडे नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीवर) बरेच जण येतात, त्यांच्याही कामाला येईल.

तुम्हाला दिलाय तो इंटेलचा कोअर आय-५ १२४००, सहा कोर आणि बारा थ्रेडचा, म्हणजे प्रत्येक कोर एका वेळी दोन कामं हाताळतो. २०२२ च्या सुरुवातीला बाजारात आला, म्हणून तुम्ही त्याला जुना म्हणता. दहा कोरचा म्हणजे आय-५ १३४००. पण ते दहा कोर सारखे नसतात. त्यात सहा मोठे आणि चार छोटे असतात. मोठे सहा तुमच्याकडेही आहेत. छोट्या चारांचा रेंडरिंगसारख्या कामात फायदा होतो, नाकारत नाही. पण त्यासाठी जे जास्तीचे पैसे लागत होते त्यांत तुमची रॅम १६ ऐवजी ३२ जीबी झाली. कोटेशनवर दोन्ही पर्याय शेजारी शेजारी लिहून दिले होते, तुमच्याकडे ते असेल. तास-दीड तासाचं लेक्चर टाइमलाइनवर टाकून काम करणाऱ्याला रॅम कमी पडली की पीसी जसा अडकतो, तसा सहा कोरांवर अडकत नाही.

याच प्रोसेसरचा 'एफ' अक्षरवाला प्रकार आणखी स्वस्त येतो. तो मुद्दाम दिला नाही. 'एफ'मध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं आणि बजेट तिथेच संपतं. तुमच्या प्रोसेसरमध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे आणि त्यात क्विक सिंक ही व्हिडिओसाठीची खास सोय आहे. मोबाइलवर शूट केलेल्या एच.२६४ आणि एचईव्हीसी या प्रकारच्या व्हिडिओ फाइल उलगडणं, आणि एक्स्पोर्ट करताना पुन्हा बांधणं, हे काम ते कोरांवर न टाकता स्वतः करतं. तुमचं रोजचं काम नेमकं हेच आहे. सिनेबेंचमध्ये मात्र सगळे कोर एकाच वेळी शंभर टक्के राबतात. तुमच्या एडिटिंगमध्ये तासभरातली किती मिनिटं तशी जातात, ते टास्क मॅनेजर उघडा ठेवून एकदा बघा.

आता तापमान. या प्रोसेसरची बेस पॉवर ६५ वॅट आहे, आणि टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ जास्त जोर लावताना, जास्तीत जास्त ११७ वॅट. सहन करायची हद्द इंटेलने १०० अंश ठरवलेली आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. तरीही ९७ हा आकडा मला आवडलेला नाही. बॉक्स कूलरवर (प्रोसेसरच्या बॉक्समधल्या त्या छोट्या पंख्यावर), जास्त पॉवर न घेता, त्यानं तिथपर्यंत जायला नको.

मित्राच्या पीसीशी तुलना करताना खोली धरावी लागेल. कुठलाही कूलर, हवेचा असो की लिक्विडचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. लिक्विड कूलरचं पाणीसुद्धा रेडिएटरमधून खोलीच्याच हवेने गार होतं. खोली १५ अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. पुण्यात एसी लावलेली खोली २५ अंशांवर असेल. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असतं, आणि तुम्हीच लिहिलंय की टेस्ट दुपारी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत केली. तिथं ४० अंश धरले तरी १५ अंशांचा फरक पीसी सुरू करायच्या आधीच पडलेला असतो.

पण सगळा दोष उन्हावर टाकणार नाही. रिव्ह्यूसोबत तुम्ही दोन फोटो टाकलेत, ते मी मोठे करून नीट पाहिले.

पहिल्या फोटोत बायोसचा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगचा, स्क्रीन आहे. कूलरच्या प्रकारापुढे तिथं 'वॉटर कूलर' निवडलेलं दिसतं. आम्ही पीसी दिला तेव्हा 'बॉक्स कूलर' होतं, डिलिव्हरी शीटवर तशी नोंद आहे. हे तुम्ही केलं की आणखी कुणी, त्याला महत्त्व नाही. व्हिडिओ बघून बरेच जण करतात, कारण नाव वाचून वाटतं की पीसी जास्त गार राहील. होतं उलटंच. या पर्यायातून बोर्डाला कळतं की वर मोठा कूलर बसवलेला आहे, तेव्हा विजेची मर्यादा काढून टाक. तुमच्याच फोटोत खाली लाँग ड्युरेशन पॉवर लिमिटपुढे (प्रोसेसरने सतत किती वीज घ्यायची त्या मर्यादेपुढे) ४०९६ वॅट लिहिलंय. घरातला कुठलाही प्रोसेसर एवढी वीज खात नाही, त्या आकड्याचा अर्थ फक्त 'मर्यादा नाही' असा. मग सिनेबेंचची दहा मिनिटं प्रोसेसर ६५ वॅटवर उतरतच नाही, आणि ६५ वॅटच्या हिशेबाने दिलेला छोटा कूलर पूर्ण वेगाने फिरूनही मागे पडतो. पंख्याचा तो आवाज यातूनच येतोय.

दुसऱ्या फोटोत कॅबिनेट टेबलाच्या दाराच्या कप्प्यात आहे, मागे फळी, वर फळी. मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो, ती फळीला आपटते आणि पुढच्या जाळीतून परत आत येते. म्हणजे प्रोसेसरला मिळते ती ४० अंशांची हवा नव्हे, त्याहून कितीतरी गरम. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट आणि पुढे दोन पंखे मी आग्रहाने घ्यायला लावले होते. चकचकीत काचेचं तुम्हाला जास्त आवडलं होतं, आठवत असेल. त्या जाळीचा उपयोग कॅबिनेट उघड्यावर ठेवलं तरच होतो.

म्हणून एवढं करा. बायोसमध्ये परत 'बॉक्स कूलर' निवडा, लाँग ड्युरेशन लिमिट ६५ वॅट दिसलं पाहिजे. कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. पण खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात नको. त्या हवेत ओल असते, धूळ पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या (पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींना चिकटून बसते, बोअरचं पाणी असेल तर क्षारही येतात. सर्व्हिसला येणाऱ्या अशा मशिनी आम्ही उघडतो तेव्हा हीटसिंकवर राखाडी लेप असतो, ब्लोअरनेही निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. हे झालं की एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून तुमचं नेहमीचं लेक्चर एक्स्पोर्ट करा आणि त्यातला आकडा मला पाठवा. मर्यादा लावल्याने सिनेबेंचचा स्कोअर थोडा उतरेल, हे आधीच सांगून ठेवतो.

"पंखा नीट बसवलाच नाही" असंही तुम्ही लिहिलंय. हा संशय मी हलक्यात घेत नाही. बॉक्स कूलर चार पुशपिनांवर बसतो. एक पिन अर्धवट राहिली तर तळ प्रोसेसरवर तिरका टेकतो आणि तापमान लगेच भडकतं. आमच्याकडे समोरासमोरच्या पिना जोडीने दाबतात आणि बोर्ड उलटा करून चारही टोकं बाहेर आलीत का ते बघूनच कॅबिनेटमध्ये चढवतात. तरी मशीन घेऊन या, तुमच्यासमोर कूलर काढतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठसा सगळीकडे सारखा उमटलाय की एका कडेला जाड राहिलाय, ते तुम्हाला स्वतःला दिसेल. काढल्यावर जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते, तिचे पैसे घेणार नाही.

लिक्विड कूलर मागाल तर आजही नको म्हणेन. या प्रोसेसरची उष्णता तेवढी नाही, पैसे वाया जातात, आणि पंप बिघडला की दुरुस्त होत नाही, सगळं युनिटच बदलावं लागतं. आवाजाचा त्रास राहिलाच तर चार हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतो. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. बांधतानाही तो सुचवला होता, तुम्ही पुढच्या महिन्यावर टाकला होता. आता घेतलात तर बसवायचे पैसे नाहीत. तुमच्या कॅबिनेटमध्ये त्याच्या उंचीला जागा आहे, ते बघूनच कॅबिनेट निवडलं होतं.

येताना बिल आणि प्रोसेसरचं खोकं दोन्ही आणा. प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आहे आणि खोक्यावरच्या लेबलचे नंबर तिथं लागतात. टॉवर बसवला तरी जुना कूलर त्याच खोक्यात भरून देतो, टाकू नका. सोमवारी गर्दी असते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आलात तर निवांत बसून सगळं दाखवता येईल.